चौथी ओळ, सातवा टिपका

बोरजाईच्या घोडेबाजारात मला कुणी नमस्कार करत नाही. थेट घोड्याची मान पुढे करतात.

"डॉक्टरीणबाई, चौथ्या वळीत सातवं उठलंय. धनी वाचंल का?"

"अहो, कशानं उठलंय ते विचारा ना! कार्डावर नाव छापलंय. वाचता येतं की नाही?"

"येतं की. एम्मेस्सी हाय मी. पर कशानं उठलं त्याचं काय लोणचं घालायचंय? कुठं उठलं ते सांगा."

हा एम्मेस्सी झालेला माणूस घरी बसून फोनवरून उसाला पाणी सोडतो, ड्रोननं फवारणी करतो आणि नातवाच्या दातांचं चित्र पुण्याच्या डॉक्टरला पाठवून सल्ला घेतो. घोड्यापाशी आला की मात्र त्याचं सगळं शिक्षण खुंटीला. मी पशुवैद्य आहे. नीरेकाठच्या या तालुक्यात सरकारी नोकरीत माझे केस पिकले, आणि त्यातले निम्मे तरी या एका प्रश्नानं पिकले असतील.

बरं, दोष द्यायचा तर कुणाला? ते यंत्र या तालुक्यात मीच आणलं.

माणसाला जशी धुळीची, परागकणांची ॲलर्जी असते तशी घोड्यालाही असते. आमच्या लहानपणी घोडा खोकला की थंडी बाधली म्हणायचे, आणि त्यानं आयाळ खाजवून रक्त काढलं की दृष्ट काढायचे. खरी गोष्ट अशी की घोड्याचं शरीर एखाद्या साध्या कणाला वैरी समजून बसतं. तो चिलटाच्या लाळेतला असेल, कडब्यावरच्या बुरशीतला असेल. त्या कणाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि ती कातडीतल्या ठरावीक पेशींवर पहारा देत बसतात. तोच कण पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन ओकतात, आणि तेवढी जागा फुगते. आपल्याला पित्ताची गांध उठते ना, तशीच.

म्हणजे घोड्याला काय सोसत नाही ते त्याच्या कातडीला विचारावं. पूर्वी हे विचारणं फार कष्टाचं होतं. मानेवरचे केस चांगले दोन तळहात भरतील एवढे काढायचे, घोड्याला गुंगी द्यायची, मग कातडीच्या अगदी वरच्या थरात एकेक द्राव टोचत जायचं आणि मोजपट्टी घेऊन गांधी मोजत बसायचं. अर्धा दिवस जायचा, आणि गुंगी उतरली की लाथ बसायची ती वेगळीच.

मग सूक्ष्म सुयांची पट्टी आली. तळहाताएवढी, रबरासारखी मऊ. बारा ओळी, ओळीत बारा टिपके. प्रत्येक टिपक्याखाली केसाहून बारीक सुया, ज्या कातडीत शिरून विरघळून जातात, आणि प्रत्येक टिपक्यात वेगळा पदार्थ. केस कातरायचे, पट्टी दाबायची. घोड्याला माशी बसल्याइतकंही कळत नाही. चहा पिऊन होईतो गांधी उठतात, कॅमेरा त्यांची उंची आणि ऊब मोजतो आणि कार्ड छापून देतो, कशाकशापासून या जनावराला लांब ठेवायचं त्याचं.

या टिपक्यांमध्ये दोन टिपके राखणदार असतात. एकात नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही उठता कामा नये. दुसऱ्यात शुद्ध हिस्टामिन, तिथे प्रत्येक घोड्याला उठलंच पाहिजे. नाही उठलं तर समजायचं की घोड्याला ॲलर्जी दाबणारं औषध चारून आणलं आहे, आणि पट्टी बाद करायची. हे दोन टिपके शेवटच्या ओळीत कोपऱ्यात असायचे. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं.

हवा बिघडत गेली, रानात बारा महिने काही ना काही फुलत राहिलं आणि घोडे धापा टाकून मरू लागले, तेव्हा नियम आला की ताजी पट्टी लावल्याशिवाय बाजारात घोडा विकायचा नाही. मला तर आकाश ठेंगणं झालं. मी बाजारात तंबू ठोकला आणि वाटलं, आता शहाणपण आलं.

शहाणपण कसलं येतंय! आबा फडतरे आले.

आबा म्हणजे आमच्या बाजारातले खोडी, म्हणजे शुभ-अशुभ खुणा, पाहणारे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठला भोवरा कुठे आहे यावरून घोडा शुभ की अशुभ हे ठरवायची रीत फार जुनी. गळ्याशी असेल तो देवमण, त्याच्यासारखं भाग्य नाही. आमच्या पट्टीसाठी मानेचे केस कातरले जायला लागले तसे तिथले भोवरे गेले आणि आबांचा धंदा बसला. एक हंगाम त्यांनी माझ्या तंबूबाहेर बसून मला शिव्या दिल्या. पुढच्या हंगामात आत डोकावले, उठलेल्या गांधींकडे टक लावून पाहत राहिले, आणि मान हलवत म्हणाले, "आस्सं व्हय."

त्यानंतर नातेपुत्याकडच्या एका बागायतदाराच्या घोड्याला चौथ्या ओळीत सातव्या जागी गांध उठली, आणि पंधरवड्यात बागायतदार विहिरीत पडून गेला. तो पिऊन पडला होता हे सगळे विसरले. चौथी ओळ, सातवा टिपका म्हणजे धनीखाऊ, असं आबांनी जाहीर केलं. दुसरी ओळ, तिसरा टिपका म्हणजे देवमण. बाकीच्या टिपक्यांनाही त्यांनी एकेक फळ वाटून दिलं. भोवरा देवानं दिलेला, तसा हा यंत्रानं दाखवलेला. उलट हा कार्डावर सरकारी शिक्क्यानिशी येतो, म्हणून जास्त पक्का!

आता त्या देवमणाच्या जागी मी कुठला पदार्थ भरला होता? बुरसलेल्या कडब्याची बुरशी. मग काय विचारता! लोक शिंगरांना मुद्दाम काळा पडलेला, कुबट कडबा घालायला लागले, देवमण उठावा म्हणून. मी गोठ्यागोठ्यात जाऊन ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. घोडी खोकून बेजार, आणि मालक पेढे वाटतोय.

हे सगळं मी दात-ओठ खात सहन केलं असतं. पण मग ते माझ्या माहेरी शिरलं.

माझा थोरला भाऊ रणजितदादा बोरजाईतच राहतो. त्याची एकुलती एक मुलगी शिवन्या, आणि शिवन्याची घोडी मोरणी. घोडी कागदोपत्री दादाची, पण ती जन्मली तेव्हा तिची आई दगावली आणि शिवन्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. मान मोरासारखी उचलून चालायची म्हणून नाव मोरणी. वहिनी गेल्यानंतरची दोन वर्षं ती पोर माणसांशी कमी आणि मोरणीशी जास्त बोलली.

या पावसाळ्याच्या शेवटाला मोरणी खोकायला लागली. चार पावलं चालली की नाकपुड्या फेंदारायच्या, बरगड्यांखाली खळगा पडायचा. मी गेले आणि पट्टी लावली. एकच गांध उठली, चांगली बोराएवढी. कार्ड छापून आलं. गाजरगवत.

मला इतका आनंद झाला! ज्या रोगावर उपाय नाही असं काही निघेल म्हणून मी धास्तावले होते. गाजरगवत तर दादाच्या तबेल्याला तिन्ही बाजूंनी वेढून कमरेएवढं वाढलं होतं, पांढऱ्या फुलांनी नुसतं बहरलेलं.

"दादा, सुटलो! एवढं गवत उपटून टाक, महिन्यात घोडी पळायला लागेल."

दादा कार्डाकडे बघतच नव्हता. मोरणीच्या मानेवर बोट ठेवून तो ओळी मोजत होता. एक, दोन, तीन, चार. मग आडवं. सातव्यावर बोट थांबलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तेजू," तो म्हणाला, "ही धनीखाऊ निघाली."

"दादा, तू पदवीधर आहेस!"

"म्हणूनच म्हणतोय. पुरावा बघून बोलतोय. तुजंच यंत्र सांगतंय न्हवं?"

"यंत्र गाजरगवत सांगतंय! ते त्या जागी आहे कारण मी ते त्या जागी भरलं. मी, या हातानं! भरताना चहा पीत होते मी. मनात आलं असतं तर पहिल्या ओळीत भरलं असतं."

"पर न्हाई भरलंस ना?" दादा शांतपणे म्हणाला. "तुज्या मनात चौथीतच का आलं?"

मी गाडीत जाऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आठवड्याभरात दादाच्या छातीत कळ आली. मोठं काही नव्हतं. हृदयाची तपासणी स्वच्छ होती, डॉक्टरांनी काळजी आणि जागरण असं निदान केलं. पण काळजी कसली होती हे गावाला ठाऊक होतंच. आबा फडतरे घरी येऊन नुसते "म्हनलं न्हवतं?" एवढंच बोलून गेले. दादानं ठरवलं की दिवाळीच्या बाजारात मोरणी काढायची.

धनीखाऊ घोडी चांगला माणूस घेत नाही. तसली जनावरं घेणारं एकच गिऱ्हाईक येतं, वीटभट्ट्यांना घोडी पुरवणारा. त्याच्याकडे धनी कुणी एक नसतो, त्यामुळे खायचा प्रश्न नाही. भट्टीचा धूर आणि मोरणीचा दम! उन्हाळा काही तिनं पाहिला नसता. शिवन्यानं जेवण सोडलं, भांडण केलं, बापाशी अबोला धरला. दादा म्हणाला, तुझी आई गेली, आता मीही जाऊ का? त्यावर ती पोर उठून मोरणीपाशी जाऊन बसली.

पाडव्याला बाजार भरला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी ओवाळायला गेले ते मनाशी ठरवूनच. ताटात निरांजन, सुपारी, करदोडा. दादाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यानं साडीचं पाकीट ताटात ठेवलं ते मी उचलून बाजूला केलं.

"साडी नको. ओवाळणीत मोरणी दे."

शिवन्या दारात उभी होती. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"तेजू, एक शेत माग. आत्ता नावावर करून देतो. पर ही घोडी तुज्या दारात बांधू? उद्या संदेशरावांना काय झालं तर? भैनीला कुनी असली ओवाळनी देतं का? आईबाप वरून काय म्हनतील मला?"

संदेश म्हणजे माझे यजमान. ते घरी सोफ्यावर पाय पसरून चकल्या खात होते आणि त्यांच्या जिवाला चकल्यांशिवाय दुसरा कसलाही धोका नव्हता. पण दादाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माझी पंचाईत हीच आहे. हा माणूस मूर्ख असता, दुष्ट असता, तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. माझ्यावरच्या मायेपोटी जो चुकतो आहे त्याच्यावर कसं ओरडायचं? तरी ओरडले मी. ताट तिथेच ठेवून निघाले.

निघाले ती थेट तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेले. पट्ट्या बाहेरून कोऱ्या येतात. आपल्या भागातलं गवत, आपल्या भागातली चिलटं, हे पदार्थ आपणच भरायचे असतात, त्यासाठी छोटं छपाईयंत्र आहे. कुठला पदार्थ कुठल्या टिपक्यात, हा क्रम तालुक्याच्या पशुवैद्यानं ठरवायचा. कार्डावर नाव बरोबर आलं म्हणजे झालं. शास्त्राच्या दृष्टीनं क्रमाला काडीचाही अर्थ नाही.

पहिला विचार मनात आला तो सोपा होता. गाजरगवत उचलून देवमणाच्या जागी टाकावं. मोरणी भाग्याची ठरेल, दादा तिला काढणार नाही. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग तो कुबट कडबा आठवला आणि मी हात मागे घेतला. देवमणाच्या जागी गाजरगवत ठेवलं तर पुढच्या हंगामापर्यंत लोक तबेल्याभोवती त्याची पेरणी करतील. खत घालतील. ठिबक लावतील!

देवमणाच्या जागी असं काहीतरी हवं होतं, जे उठवण्यासाठी कुणाला काहीच करावं लागणार नाही.

आणि मग ते कोपऱ्यातले दोन राखणदार मला दिसले.

हिस्टामिन मी दुसऱ्या ओळीत तिसऱ्या जागी आणलं. ते प्रत्येक घोड्याला उठतंच. मिठाचं पाणी चौथ्या ओळीत सातव्या जागी आणलं. ते कुणालाच उठत नाही. गाजरगवत गेलं शेवटच्या ओळीत कोपऱ्यात. म्हणजे यापुढे बोरजाईच्या बाजारात येणारा प्रत्येक घोडा देवमणाचा, आणि धनीखाऊ एकही नाही. क्रम बदलल्याची सूचना सही करून मी तंबूच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावली. कुणीही ती वाचली नाही. मी खोटं बोलले नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्यांच्या खुळावर मी माझा डाव मांडला होता हेही खरंच. ज्याला आयुष्यभर नावं ठेवली तेच मी स्वतःच्या हातानं भरून आणलं होतं.

रविवारी बाजार फुलला. पहिल्या घोड्याला देवमण उठला, टाळ्या पडल्या. दुसऱ्याला उठला. तिसऱ्याला, चौथ्याला. दुपारपर्यंत पेढे संपले. "साल लई चांगलं हाय," असं लोक म्हणायला लागले. आबा फडतरे मात्र तोंडाचा चंबू करून बसले होते. सगळ्यांनाच भाग्य मिळालं तर ते सांगायला आबा कशाला हवेत?

वीटभट्टीवाल्यांचा माणूस दोर घेऊन उभाच होता. दादा मोरणीला घेऊन आला. शिवन्या मागून आली, तिचा चेहरा इतका कोरा की मला जरा चमत्कारिकच वाटलं. मी पट्टी लावली. मनात म्हटलं, दादा, आता बघच.

चहा पिऊन झाला. पट्टी काढली.

काहीही उठलं नव्हतं. चौथी ओळ कोरी. कोपरा कोरा. दुसरी ओळ, तिसरा टिपका, तोही कोरा. सगळी मान गुळगुळीत.

गर्दीतल्या माना उंचावल्या. आबा उठून जवळ आले, त्यांनी मानेवर हात फिरवला आणि हळहळल्यासारखं करत म्हणाले, "सगळ्या जगाला देवमन उठला आनि हिलाच न्हाई. ही धनीखाऊच्या पुढची हाय, रणजितराव."

हिस्टामिन उठत नाही म्हणजे एकच अर्थ. मी वळून शिवन्याकडे पाहिलं.

"काय चारलंस हिला?"

ती हुंदके द्यायला लागली. "खाजेच्या गोळ्या, आत्या. तूच एकदा म्हणाली होतीस ना, त्यानं गांध उठत नाही म्हणून? मला वाटलं, चौथ्या ओळीत उठलं नाही तर बाबा तिला ठेवतील. तीन दिवस गुळात घालून देत होते."

मी कपाळावर हात मारला. तिनं माझ्यावर विसंबून मला न विचारता डाव टाकला, मी तिच्यासाठी तिला न सांगता डाव टाकला, आणि दोन्ही डाव एकमेकांवर आपटले. भट्टीवाल्यानं दोर पुढे केला. दादानं लगाम सोडायला हात उचलला. आणि माझा तोल गेला.

"थांबा!" मी ओरडले. "ऐका सगळे! तो देवमण मी घातलाय! ते हिस्टामिन आहे, औषध आहे, मी बाटलीतून ओतलंय! जगातल्या कुठल्याही घोड्याला ते उठतं! गाढवाला उठेल! आबा, तुमच्या हातावर लावते, तुम्हालाही उठेल! आणि चौथ्या ओळीत मिठाचं पाणी आहे, नुसतं मिठाचं पाणी! दारावर लिहून लावलंय, वाचा की रे कुणीतरी! या घोडीला पोरीनं गोळ्या चारल्यात म्हणून उठलं नाही. भाग्य नाही, दुर्भाग्य नाही, काही नाही! ते सगळं मी केलंय, मी!"

घसा बसला माझा. मला वाटलं, चला, एकदाचं बाहेर पडलं. नोकरी गेली तरी चालेल, निदान आता समजलं.

मग आबा फडतऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"म्हंजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "देवमन डॉक्टरीणबाईंच्या हातात हाय."

गर्दीत एकच कुजबुज उठली. एक म्हातारी पुढे येऊन चक्क माझ्या पाया पडली. सुरुवातीला सांगितला तो एम्मेस्सी मान डोलावत म्हणाला, "मला शंका होतीच." दादानं सोडायला निघालेला लगाम परत घट्ट धरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तेजू, मग हिच्यावर उठव की. तुला उठवता येतो तर भावाच्या घोडीवर उठवायचा न्हाई?"

खरं सांगते, त्या क्षणी मला रडावं की हसावं की सगळ्यांना ओळीत उभं करून एकेक थोबाडीत द्यावी, कळेना. एवढा गळा फाडून सांगितलं आणि त्यांनी त्यातलं नेमकं काय उचललं? पण दादाचा चेहरा आशेनं उजळला होता. शिवन्या मोरणीच्या मानेत तोंड खुपसून उभी होती. आणि मोरणी धापा टाकत होती. तिला फार काळ थांबता येणार नव्हतं.

आतली डॉक्टरीण म्हणाली, नको. मी तिला म्हटलं, गप बस बाई, तुझं ऐकून आजवर किती गवत उपटलं गेलं?

"उठवीन," मी म्हणाले. "आठ दिवसांनी. गोळ्यांचा अंमल उतरू दे. पण पथ्य आहे."

पथ्य म्हटल्याबरोबर सगळा बाजार कान देऊन पुढे सरकला. उपाय सांगितला तर आमचे लोक ढिम्म हलत नाहीत, पथ्य सांगितलं की जिवापाड पाळतात.

"कसलं पथ्य?" दादानं विचारलं.

"देवमणाच्या जनावराला गाजरगवताचं वारं चालत नाही. तबेल्याभोवती एक काडी दिसता कामा नये. मुळासकट उपटायचं, फुलं झडायच्या आत. उपटणाऱ्यानं तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालायचे. घोडीला तोवर लांब ठेवायचं, नदीपलीकडे. आणि कुबट कडबा दारात आणायचा नाही. त्यानं मण विझतो."

शेवटचं वाक्य तोंडातून कसं निघालं माझं मला कळलं नाही.

मोरणी आठवडाभर नदीपलीकडे माझ्या घरामागे राहिली. शिवन्याही तिच्याबरोबर आली. दादानं मुकाट्यानं परवानगी दिली, कारण आता घोडी धनीखाऊ राहिली नव्हती, पथ्यावर होती. संदेशनी तिला गूळ चारला आणि ते ठणठणीत राहिले. चौथ्या दिवशी तिच्या नाकपुड्या निवळल्या. सहाव्या दिवशी ती मान उचलून चालली.

आठ दिवसांनी तिला घेऊन आम्ही दादाच्या घरी गेलो, आणि मी गाडी रस्त्यातच थांबवली. आपण चुकीच्या गावात आलो की काय, असंच वाटलं मला. दादाच्या तबेल्याभोवतीची जमीन स्वच्छ, काळीभोर. शेजारच्यांच्याही. ओढ्याचा काठ, शाळेचं आवार, देवळामागचा उकिरडा, कुठे म्हणून गाजरगवताची काडी नव्हती. माझ्या अख्ख्या नोकरीत या गवताच्या निर्मूलनाच्या किती मोहिमा झाल्या, किती फलक लागले, किती भाषणं मी स्वतः ठोकली. त्या फलकांवरसुद्धा गाजरगवत चढलेलं मी पाहिलं होतं. देवमणानं ते आठवड्यात साफ केलं. कुबट कडब्याची गंजी गावानं खड्ड्यात पुरली होती. आबा फडतरे स्वतः फडकं बांधून उभे होते आणि कुणाकडे किती काड्या राहिल्या ते तपासत फिरत होते. त्यांना नवा धंदा मिळाला होता.

"एक काडी ठिवली न्हाई," दादा म्हणाला. त्याच्या हातांना फोड आले होते. "मोजे घातले न्हवते पहिल्या दिशी."

"सांगितलं होतं ना घालायला!"

"इसरलो. उठव आता."

अंगणात मोरणी उभी राहिली. शिवन्यानं लगाम धरला. मी मानेवर ताजी पट्टी दाबली. चहा आला. मी कप हातात धरला पण प्यायले नाही.

मला सगळं ठाऊक होतं. गोळ्यांचा अंमल संपला होता, मी रक्त तपासलं होतं. हिस्टामिन ताजं होतं, सकाळीच मी ते स्वतः भरलं होतं. ते उठणारच होतं. पाणी उताराकडे वाहतं तितकं ते नक्की होतं. तरी मी मोरणीच्या मानेकडे असं पाहत होते की पापणी लवत नव्हती. दादाचे ओठ हलत होते. गाव कुंपणाबाहेर टाचा उंचावून उभं होतं.

पट्टी काढली. दुसरी ओळ, तिसरा टिपका. कातडी वर आली होती, गोल, टच्च, बोराएवढी. कोपऱ्यात गाजरगवताचीही उठली होती, तिकडे कुणी पाहिलंच नाही.

कुंपणापलीकडे एकच गलका झाला. दादानं मोरणीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि तो लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत माझ्याकडे वळला. "तेजू, भाऊबीज राहिलीय आपली. आता ने हिला ओवाळनीत. आता द्यायला हरकत न्हाई."

शिवन्या लगाम धरून एक पाऊल मागे सरकली. या माणसापुढे मी हात टेकले!

"मला नको घोडी, दादा. ती जिच्या हातात आहे तिच्याच नावावर कर. आणि मला ती साडी दे मुकाट्यानं."

दादा हसत साडी आणायला आत गेला. गर्दी पांगायला लागली. मोरणीनं मान उचलून मोठा, मोकळा श्वास सोडला, त्यात घरघर नव्हती. शिवन्या माझ्याजवळ आली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

"आत्या, हात का जोडलेस?"

मी खाली पाहिलं. कप कट्ट्यावर कधी ठेवला होता कोण जाणे. माझे दोन्ही हात छातीशी खरंच जोडलेले होते, बोटं एकमेकांत घट्ट, आणि पट्टी काढल्यापासून तसेच असावेत.

"थंडी वाजतेय गं," मी म्हणाले, आणि हात कोटाच्या खिशात घातले. अंगणात लख्ख ऊन होतं.